कुत्र्याने चाटलं, मांजराचं नख लागलं: रेबीजची लस घ्यायची की नको?

पिल्लू खेळता खेळता दात लावतं, मांजर उडी मारताना हातावर रेघ ओढून जातं. मग घरात दोन पक्ष पडतात: 'एवढ्याशाला कसली सुई' आणि 'आधी दवाखान्यात चला'. वाद सगळा जनावरावर होतो, पण आधी बघायची असते ती आपली कातडी.

धड कातडीवर चाटलं, अंगावरून हात फिरवला, हातातलं बिस्किट खाल्लं, तर तो डॉक्टर करतात त्या तीन गटांतला पहिला, त्यात लस लागत नाही. हात धुवा, विषय संपला. हेच चाटणं टाचेच्या भेगेवर, दाढी करताना कापलेल्या जागी, डोळ्यात किंवा तोंडात झालं, तर ते रक्त काढणाऱ्या चाव्याच्याच गटात, म्हणजे तिसऱ्या गटात जातं. तिथे लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (जखमेत टोचायची तयार प्रतिपिंडं) लागतं. लाडाने चाटलं की रागाने चावलं, याने काही फरक पडत नाही.

ओरखड्यात लोक हमखास फसतात. 'रक्त आलं नाही ना, मग सोडून दे' हे चूक. रक्त न येता कातडी खरवडली गेली तरी तो दुसरा गट, आणि त्यात लस लागतेच. फक्त इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. रक्ताचा थेंब दिसला की तिसरा. नीट दिसत नसेल तर साबण लावल्यावर चुरचुरतं का बघा. चुरचुरलं तर कातडी उलली असंच धरा. गट कुठलाही असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून बघा, पंधरा मिनिटं बरीच लांब असतात. वर हळद, चुना, तिखट काही नको.

आता दहा दिवस वाट बघणं की लगेच सुरुवात? जनावर दहा दिवस ठणठणीत राहिलं तर धोका नव्हता, हा नियम खरा आहे, पण तो फक्त कुत्र्या-मांजराला लागू, माकडाला नाही. आणि आपल्याकडची पद्धत आधी लस सुरू करून मग जनावरावर नजर ठेवायची आहे. सरकारी रुग्णालयात साधारणपणे कातडीत टोचतात: 0 (म्हणजे पहिल्या सुईचा दिवस), 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दोन्ही दंडांवर थोडी थोडी. म्हणजे दहा दिवस होईतो तीन खेपा झालेल्याच असतात. आणि कातडीत टोचून घेत असाल तर जनावर ठणठणीत राहिलं तरी शेवटची खेपही पूर्ण करायची. स्नायूत घेतली तर पाच डोस, 14 वा दिवस जास्तीचा. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच इतिहासजमा झाली.

पाळीव कुत्र्याचं लसीकरणाचं पुस्तक अद्ययावत असेल तर धीर येतो, डॉक्टरांना जरूर दाखवा. पण तेवढ्यावर घरच्या घरी निर्णय घेऊ नका. तीन महिन्यांखालच्या पिल्लाला तर बहुधा रेबीजची लस मिळालेलीच नसते.

माझं मत विचाराल तर कातडीबद्दल शंका आली की लस घ्यावी. एकीकडे दंडाला टोचून घ्यायच्या चार खेपा, दुसरीकडे लक्षणं दिसल्यावर ज्यातून जवळपास कोणीच वाचत नाही असा आजार. गर्भवतींनाही ही लस चालते. आधी पूर्ण कोर्स झाला असेल तर 0 आणि 3 व्या दिवशी दोनच डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. म्हणून जुना केसपेपर फेकू नका. घरातला उंदीर किंवा खार चावली तर मात्र सहसा लस लागत नाही.