रीफ टँक बदलताना: एका दिवसात उरकायचं की नवा टँक शेजारी मुरवायचा?

प्रवाळ आणि समुद्री मासे पाळायचा तीन फुटी रीफ टँक अपुरा वाटायला लागला की चार फुटीचं खूळ डोक्यात शिरतंच. काच ठरते, कॅबिनेट ठरतं, दिवे ठरतात, आणि मग खरा प्रश्न येतो: चालू टँकमधला संसार नव्या काचेत न्यायचा कसा? मार्ग दोन. एक, सकाळी जुना टँक उपसायला घ्यायचा आणि रात्रीपर्यंत सगळं नव्यात मांडायचं. दुसरा, नवा टँक स्वतंत्र चालू करायचा, त्याची सायकल होऊ द्यायची (म्हणजे विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढू द्यायचे) आणि महिना-दीड महिन्याने एकेक जीव तिकडे हलवायचा. दुसरा मार्ग ऐकायला जास्त सुरक्षित वाटतो. तरी फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांना मी पहिलाच सांगेन, फक्त वाळूच्या बाबतीत एक अट घालून.

बोलायला सोपं जावं म्हणून नेहमीची मापं धरू. जुना ३ × १.५ × १.५ फूट, म्हणजे काठोकाठ १९० लिटर. नवा ४ × २ × २, म्हणजे साधारण ४५० लिटर. आत लेदर, झोआ, मश्रूम अशी मऊ कोरल, एक ॲनिमोन (समुद्रफूल), क्लाउन माशांची जोडी आणि आणखी दोन-चार मासे.

आधी जागा. नव्या टँकमधलं पाणीच साडेचारशे किलोच्या आसपास. १२ मिमी काच नव्वद किलोपर्यंत जाते, वर रॉक (प्रवाळभित्तीचे छिद्राळ दगड), वाळू, कॅबिनेट आणि भरलेला सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी). एकूण आकडा सातशेच्या घरात. राहत्या खोल्यांसाठी आपल्या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. तो खोलीभर पसरलेला धरलेला असतो, त्यामुळे चार फुटी टँक आला म्हणून स्लॅब बसत नाही. पण टँक भिंतीला लागून, बीमच्या रेषेत हवा, आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. अशी जागा हॉलमध्ये सहसा एकच असते आणि तिथे जुना टँक आधीच ठाण मांडून बसलेला असतो. निम्म्या लोकांचा निर्णय इथेच होऊन जातो.

ज्यांच्याकडे दुसरी भिंत आहे, त्यांनी सायकलचा हिशेब करावा. अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते रॉकच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर, सम्पमधल्या सिरॅमिक मीडियावर (छिद्राळ तुकड्यांवर) चिकटलेले असतात. जुना रॉक ओला राहून नव्या टँकमध्ये गेला की विरजण आपोआप लागतं. उलट कोरड्या रॉकवर सुरू केलेला टँक चार-सहा आठवड्यांत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आणेलही, पण पुढचे काही महिने आधी डायटमचा तपकिरी थर, मग हिरवं केसाळ शेवाळ असं सगळं पाहावं लागतं. तुमचा जुना टँक हे कधीच भोगून बसलाय. ते पैसे देऊन पुन्हा कशाला?

(या टप्प्यावर कुणीतरी हमखास सुचवतं की मालवणला जाऊन चार ताजे रॉक उचलून आणू. भित्ती घडवणारी सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. तो विचार तिथेच सोडा.)

आता वाळू. एका दिवसातलं स्थलांतर फसतं ते बहुतेक वेळा इथेच. वरून पांढरी दिसणारी वाळू खाली दोन-तीन वर्षांची विष्ठा आणि उरलेलं खाणं धरून असते. थर जाड असेल तर तळाशी ऑक्सिजन पोचत नाही. काचेतून राखाडी-काळा पट्टा दिसतो आणि फावडं लागलं की सडक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. हीच वाळू घमेल्यातून उचलून नव्या टँकमध्ये ओतली, की अडकलेला अमोनिया आणि फॉस्फेट एकदम पाण्यात उतरतो, आणि रात्री मासे पृष्ठभागाशी येऊन कल्ले मारायला लागतात. म्हणून अट: जुनी वाळू तशीच नेऊ नये. नवी, धुतलेली वाळू घालावी, किंवा जुनी बादलीत घेऊन पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी. धुण्यात तिच्यातले जिवाणू मरतात, मरू देत. रॉक पुरेसा असेल तर त्यांची उणीव जाणवत नाही. वाळूत झोपणारा रास (wrasse) जातीचा मासा असेल तर उपसताना हाताने चाचपून बघा, तो तिथेच पुरलेला असतो.

जुन्या पाण्याचा मात्र लोकांना अवाजवी लळा असतो. त्यात फारसे जिवाणू नाहीत म्हटल्यावर त्याचा उपयोग एवढाच, की क्षारता (मिठाचं प्रमाण) आणि अल्कलिनिटी (कार्बोनेटचं प्रमाण) एकदम बदलत नाही. वरचं नितळ पाणी निम्मं-अर्धं घ्या, तळचं गढूळ मोरीत जाऊ द्या. नव्या पाण्याची तयारी आधी लागते: ३०० लिटर ३५ पीपीटीवर (हजार भागांत ३५ भाग मीठ) आणायला साधारण ११ किलो मीठ. घरचा आरओ ताशी दहा-पंधरा लिटर देतो, म्हणजे वीस ते तीस तास तो चालू राहणार. पिण्याच्या आरओमध्ये मिनरल कार्ट्रिज असेल तर ते पाणी चालत नाही. डीआय (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लावून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य दिसायला हवा. निळ्या ड्रममध्ये आदल्या दिवशी मीठ कालवून, पंप आणि हीटर सोडून ठेवा. नवा टँक त्याआधीच साध्या पाण्याने भरून दोन दिवस गळती बघितलेली असावी. त्याच वेळी रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर टँकमध्ये चढवणारा) बंद करून वरून उतरणारं पाणी सम्पमध्ये मावतं का, हेही बघा. ते बघायला लोक विसरतात, आणि मग पहिली लाइट गेली की हॉलमध्ये समुद्र.

प्रत्यक्ष दिवशी माशांच्या मागे जाळी घेऊन धावू नका. आधी कोरल काढा, मग रॉक, आणि पाणी वीतभर उरलं की मासे आपोआप हाती लागतात. प्रत्येकासाठी झाकणाचा टब, एअर पंप आणि थर्मामीटर. मुंबईत मे महिन्यात टब तापतो, पुण्यात डिसेंबरात तो गार पडतो, त्यामुळे जमलं तर या दोन्हींच्या मधला काळ निवडा. रॉक हवेत ताटकळत ठेवू नका. त्यावरचे स्पंज हवा लागली की मरतात आणि पुढचे दोन दिवस पाणी नासवतात. झोआ-पॅलिथोआ असलेला रॉक घासताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि त्यावर गरम पाणी कधीही ओतू नका. त्यातल्या पॅलिटॉक्सिन या विषाची वाफ माणसाला दवाखान्यात पोचवते. ॲनिमोनचा पाय दगडावरून ओढून काढू नका, दगडासकट उचला. नव्या जागी तो काही दिवस फिरू शकतो, तोवर वेव्हमेकरवर (प्रवाह तयार करणाऱ्या पंख्यावर) जाळी बसवा.

दिव्याबद्दल थोडक्यात: नवा दिवा पहिल्या दिवशी निम्म्या ताकदीवर, मग दोन-तीन आठवड्यांत चढवत न्यायचा. आठवडाभर अमोनियाची चाचणी रोज. खाणं निम्मं.

मग शेजारी मुरवायचा मार्ग कुणासाठी? ज्यांच्या रॉकवर आयप्टेशिया (उपद्रवी छोटे ॲनिमोन) किंवा ब्रायॉप्सिस (चिवट शेवाळ) माजलंय त्यांच्यासाठी. हा संसर्ग नव्या टँकमध्ये घरच्या घरी नेऊन सोडण्यात काही अर्थ नाही. कोरलचे फ्रॅग (छोटे तुकडे) कापून स्वच्छ प्लगवर (बुडाच्या छोट्या चकतीवर) लावावे आणि रॉक मागेच सोडावा. दुबई-न्यू जर्सीकडच्या ज्या वाचकांचा टँक ॲक्रोपोरासारख्या एसपीएसने (बारीक पॉलिपच्या कठीण प्रवाळांनी) भरलेला आहे, त्यांनीही घाई करू नये. अल्कलिनिटी एका दिवसात एक-दीड डीकेएच (तिचं माप) हलली तरी त्या जातीची टोकं पांढरी पडतात. आणि घरच बदलत असाल, नव्या घराचा ताबा आधी मिळाला असेल, तर तिथे टँक आधी उभा करणं केव्हाही बरं.

दोन्हींच्या मधली वाटही आहे आणि मला ती सगळ्यात जास्त पटते. नव्या सम्पसाठी घेतलेला सिरॅमिक मीडिया आणि मांडणीसाठी लागणारा जादा कोरडा रॉक सहा आठवडे आधीपासून जुन्या सम्पमध्ये बुडवून ठेवायचा. खर्च शून्य, जागा शून्य, आणि उपसायच्या दिवशी नव्या टँककडे जुन्या रॉकच्या जोडीला जिवाणू बसलेला जादा रॉक आणि मीडियाही तयार असतो. जादा रॉकमुळे सम्पचं पाणी वर चढतं, तेवढं काढून घ्या.

जुना टँक मात्र त्याच संध्याकाळी विकून टाकू नका. किमान आठवडाभर गॅलरीत ठेवा. नव्या काचेची एखादी सिलिकॉनची रेघ पाझरायला लागली, तर मासे ठेवायला ड्रमपेक्षा तो बरा.