घरबसल्या लर्निंग लायसन्स: 'सारथी' पोर्टल कसं आहे?

रत्नागिरीच्या आरटीओत खेप न मारता 'सारथी' या सरकारी लायसन्स पोर्टलवर आधारच्या ओटीपीने लर्निंग निघतं, हे उत्तमच. गाडीच्या एका प्रकाराला १५० रुपये, चाचणीचे ५० वेगळे. फोटो आधारवरचाच उचलला जातो. सहीची फाइल मात्र १० ते २० केबीतच हवी, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

पास व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. वाहतुकीची चिन्हं सोपी आहेत, घरून चाचणी देताना खरा परीक्षक कॅमेरा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळवंडतो आणि ओळख पटत नाही. उजेड समोरून घ्या. पावसाळ्यात लाइट कधीही जाते, तेव्हा लॅपटॉप चार्ज, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र (नमुना १-अ) लागतं. लर्निंगची मुदत ६ महिने. पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतर, तीही प्रत्यक्ष जाऊनच.