‘हॉट डिप’ म्हणून गळ्यात मारली जाणारी तार

द्राक्षाच्या मांडवासाठी किंवा शेताच्या कुंपणासाठी घेतलेल्या तारेतली फसवणूक उघडी पडायला एक-दोन पावसाळे जावे लागतात. तोवर मांडव वेलींनी भरलेला असतो आणि तार बदलायची तर उभी बाग उसवावी लागते. दुकानदाराकडे जावं तर बिलावर ‘जीआय वायर, 2.5 एमएम’ एवढंच लिहिलेलं. जीआय म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेली लोखंडी तार. ते खोटंही नसतं, कारण तारेवर जस्त होतंच. किती होतं, हे घेताना कुणी विचारलेलं नसतं.

जस्त चढवायच्या दोन पद्धती आहेत, इलेक्ट्रो आणि हॉट डिप. इलेक्ट्रो पद्धतीत जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात वीज सोडून तारेवर थर चढवतात. तो साधारण 10 ते 30 ग्रॅम प्रति चौरस मीटर असतो, एकसारखा आणि चकचकीत. हॉट डिपमध्ये तार आम्लात धुऊन, फ्लक्स (जस्त नीट धरावं म्हणून लावायचा क्षार) लावून, सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तातून ओढतात. तिथे लोखंड आणि जस्त यांचे मिश्र थर तयार होतात आणि त्यांच्यावर शुद्ध जस्त बसतं. इलेक्ट्रो तार वाईट नाही. बांधायची तार, हँगर, स्टेपल, घरातली जाळी यांना ती पुरते. उघड्यावर ताणायच्या तारेला मात्र ती चालत नाही.

इलेक्ट्रो तार हॉट डिपच्या भावात विकणं ही झाली ढोबळ फसवणूक. खरी चलाखी पुढे आहे. जस्तातून बाहेर पडणारी तार पुसली जाते. पुसणी घट्ट धरली की 40 ते 60 ग्रॅमच उरतात, सैल आणि नीट ताब्यात ठेवली की 200 च्या वर जातात. दोन्ही तारा हॉट डिपच! युरोपच्या ईएन 10244-2 या मानकात 2.5 मिमी तारेला वर्ग ‘ए’साठी किमान 245 ग्रॅम लागतात, वर्ग ‘डी’साठी 80. दुकानात ‘हॉट डिप आहे का?’ विचारलं की ‘हो’ हेच उत्तर येणार, आणि ते खरंही असणार.

यात पैसा कुठे सुटतो ते पाहा. 2.5 मिमी तारेवर 245 ग्रॅमचा थर म्हणजे टनामागे सुमारे 50 किलो जस्त. 60 ग्रॅमचा थर म्हणजे 12 किलो. जस्त पोलादापेक्षा कितीतरी महाग आहे.

आयुष्याचा हिशेबही सरळ आहे. चौरस मीटरवर 7.14 ग्रॅम जस्त म्हणजे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जाडीचा थर. मध्यम दमट हवेत जस्त वर्षाला 0.7 ते 2 मायक्रॉन झिजतं, किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत 2 ते 4. पंधरा ग्रॅमची इलेक्ट्रो तार म्हणजे जेमतेम दोन मायक्रॉन. 245 ग्रॅम म्हणजे 34. द्राक्षबागेत त्यात फवारणीची भर पडते. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकात) चुना कमी पडला तर मोकळं तांबं जस्तावर बसतं आणि जस्त खातं. लोखंडी चाकू बुडवून बोर्डो तपासणाऱ्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको.

चकाकी पाहून काही ठरवू नका. हॉट डिपची ताजी तारही चकाकते, आणि ओलीत पडलेल्या चांगल्या तारेवरही पांढरी भुकटी येते. चुंबकाचा इथे काडीचा उपयोग नाही, दोन्ही तारांना तो चिकटतोच. वजन करा, तेच खरं.

2.5 मिमीची बरोबर एक मीटर तार कापा, गुंडाळी करा आणि 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या सोनाराच्या काट्यावर तोला. मग उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून, पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवा. पातळ करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. निघणारा वायू हायड्रोजन असतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. जोराचे बुडबुडे मंदावले की लगेच काढा, नाहीतर आम्ल लोखंडालाही लागेल आणि आकडा फुगेल. धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून पुन्हा तोला. घट झालेल्या ग्रॅमला 127 ने गुणा. उत्तर ग्रॅम प्रति चौरस मीटर. 1.9 ग्रॅम घट आली तर तार भारी, अर्धा ग्रॅम आली तर घट्ट पुसलेली, 0.1 च्या आसपास आली तर इलेक्ट्रो. दुसऱ्या जाडीसाठी हा गुणक चालत नाही: 318 ला मिमीतल्या व्यासाने भागून नवा काढा.

तुकडा दुकानदाराने दिलेला नको. नमुन्याची तार वेगळी आणि गाडीतली वेगळी, हे सर्रास चालतं. आलेल्या मालातल्या दोन-तीन भेंडोळ्यांतून, दोन्ही टोकांकडून तुकडे घ्या. जाडी गेजमध्ये (जाडीच्या जुन्या क्रमांकात) बोलू नका, मिमीत बोला. 12 गेज एका मोजणीत 2.64 मिमी असतो, दुसरीत 2.77. चौरस फुटावर विकल्या जाणाऱ्या चेनलिंक जाळीत तर बारीक तार सरळ विक्रेत्याच्या खिशात जाते. तिथे मायक्रोमीटर लावाच.

ऑर्डर देतानाच बिलावर लिहून घ्या: ‘हॉट डिप, 2.5 मिमी, जस्त किमान 240 ग्रॅम प्रति चौरस मीटर, चाचणी आयएस 6745 प्रमाणे’. हे जस्ताच्या थराचं वजन मोजायचं भारतीय मानक. सोबत भेंडोळ्याच्या क्रमांकाचं चाचणी प्रमाणपत्र मागा. हा आकडा लिहायला जो विक्रेता कां-कूं करतो, त्याच्याकडून तार घेऊ नका. माल उतरला की प्रत्येक भेंडोळ्याचा बिल्ला आणि एक मीटर तुकडा पिशवीत घालून, तारीख टाकून ठेवा. वाद झालाच तर प्रयोगशाळेचा अहवाल, हे तुकडे आणि बिल एकत्र लागतात. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.