नागपूरच्या घाट रोडवर पिकअपच्या हेडलाइटचा फोकस सेट करून घेतला, त्याचा अनुभव

माझी बोलेरो पिकअप २०१६ ची. आंबिया बहाराचा संत्रा निघाला की आठवड्यातून तीन-चार रात्री काटोलहून नागपूरच्या कळमना मार्केटला माल न्यावा लागतो. रात्री अडीच-तीनला निघतो, परत येतो ते दिवसाउजेडी. रस्त्यात रोही (नीलगायी) आडवे येतात, रानडुकरं येतात, कापसाच्या बंड्यांना (बैलगाड्यांना) मागे रिफ्लेक्टर नसतो. त्यामुळे लाइट चांगला पाहिजेच.

मागच्या वर्षी एका दुकानातून हेडलाइटमध्ये २८०० रुपयांचे एलईडी बल्ब बसवले. रस्ता पांढराशुभ्र दिसायला लागला आणि पैसे वसूल झाले असं वाटलं. पण समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारायचा. एका पहाटे फेटरीजवळ एक दूधवाला मोटरसायकलसकट कच्च्यात उतरला, कॅन आडव्या झाल्या. मी थांबलो, त्याला उठवलं. लागलं नव्हतं, पण तो जे बोलला ते अजून कानात आहे. "भाऊ, मले रस्ताच दिसला नाही. तुमचा लाइट डोयात घुसला." त्या दिवशीचं त्याचं दूध मी भरून दिलं आणि दुसऱ्याच दिवशी घाट रोड गाठला.

तिथे स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर इलेक्ट्रिशियन बसतात. दुकानाला पाटी नाही, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी आधी माझा एलईडी काढला आणि एच-४ हॅलोजन, म्हणजे हेडलाइटचा साधा तारेचा बल्ब, हातात धरून दाखवला, काच कागदात गुंडाळून. बोट लागलं तर काचेवर तेल राहतं आणि तापल्यावर बल्ब तिथेच जातो, म्हणून कागद. आत दोन तारा असतात. डिपरच्या (जवळ, खाली पडणाऱ्या उजेडाच्या) तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती वाटी खालचा उजेड अडवते, म्हणून वर समोरच्याच्या डोळ्यात काही जात नाही. "तुमचा रिफ्लेक्टर या तारेच्या जागेच्या हिशोबानं बनला आहे," काका म्हणाले. "एलईडीचा उजेड त्या जागेवरून निघतच नाही, मग तो कुठंही फाकते."

मी म्हटलं, मग जास्त वॅटचा हॅलोजन टाका. त्यांनी नाही म्हटलं आणि मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, हेडलाइटच्या कपलरवर (बल्बला वायर जोडतो तो प्लग) ११.६. कपलर काळा पडून एका बाजूने वितळला होता. एवढी वर्षं सगळा करंट स्विचमधून आणि बारीक वायरीतून जात होता. व्होल्टेज १० टक्के घसरलं तर उजेड जवळपास ३० टक्के घसरतो, हे मला तेव्हा कळलं. माझा बल्ब कमजोर नव्हताच, त्याला पोटभर मिळत नव्हतं. त्यांनी रिले (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट बल्बला जोडणारी डबी) टाकला, बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर ओढली, अर्थिंग घासून नवीन केलं आणि साधेच ६०/५५ वॅटचे बल्ब बसवले. मीटरवर १३.४ आले.

फोकस मात्र त्यांनी त्या दिवशी सेट केला नाही. "रात्री गाडी रिकामी चालवता का भरलेली? भरलेली ना? मग भरून आणा." मला आधी राग आला, कारण काटोलहून पुन्हा चक्कर. पण हीच गोष्ट आजवर एकाही मिस्त्रीने विचारली नव्हती. डाल्यात टनभर संत्रा पडला की मागचे पाटे (स्प्रिंग) बसतात, नाक वर होतं आणि लाइट झाडाच्या शेंड्याला लागतो.

दुसऱ्या खेपेला माल घेऊन संध्याकाळी सातला गेलो. आधी चारही टायरची हवा पाहिली. गोदामाच्या शटरसमोर सपाट जागेवर २५ फुटांवर गाडी लावली, मला सीटवर बसवलं. बल्बच्या मध्याची उंची टेपने मोजून शटरवर खडूने रेघ मारली आणि तिच्याखाली ३ इंचांवर दुसरी. मग एक हेडलाइट गोणपाटाने झाकून दुसऱ्याचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत राहिले. डिपरच्या उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर येऊन टेकली, आणि डाव्या बाजूला तीच कड तिरकी वर चढत गेली. ती चढण डावीकडेच पाहिजे, म्हणजे आपल्या बाजूची रस्त्याची कड, पायी चालणारा, बंडी दिसते आणि समोरचा वाचतो. माझी एक बाजू चांगली वीतभर वर होती.

एकूण १६५० रुपये झाले, त्यात रिले किट, दोन बल्ब आणि मजुरी आली. पक्कं बिल मिळत नाही. बसायला जागा नाही, गल्लीत गाडी वळवताना घाम फुटतो आणि दोन चकरांचं डिझेल आपलं. तरी मी पाचपैकी पाच देतो. तेव्हापासून महिनाभरात समोरून कोणी डिपर मारलेला नाही, आणि कळमेश्वरच्या पुढे परवा रोही आडवा आला तो वेळेत दिसला.

रिकाम्या गाडीत लाइट जरा जवळ पडतो, हे काकांनी आधीच सांगितलं होतं. हेडलाइटच्या काचा आपल्याकडच्या उन्हाने पिवळ्या पडल्यात, त्या राहिल्या आहेत. नुसतं घासून उपयोग नाही, वरून यूव्ही कोट (उन्हापासून वाचवणारा थर) मारावा लागेल, नाहीतर पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच, असं ते म्हणाले. बहार संपला की गाडी त्यांच्याकडेच सोडणार आहे.