पूलला सँड फिल्टर घ्यावा की कार्ट्रिज? सातारा-सांगलीकडचा हिशोब

रानातल्या घरापुढं छोटा स्विमिंग पूल बांधायचा म्हटलं की टाईल्स निळ्या की हिरव्या यावर महिनाभर खल होतो आणि फिल्टर मात्र कॉन्ट्रॅक्टर देईल तो. नंतर दहा वर्षं हात लावायचाय तो फिल्टरलाच, टाईल्सला नाही. म्हणून अजून ऑर्डर दिली नसेल तर हे वाचा.

आपल्याकडं निवड खरी दोघांतच, सँड (टाकीत भरलेल्या वाळूतनं पाणी गाळणारा) आणि कार्ट्रिज (घड्या घातलेल्या कापडाच्या नळकांड्यातनं गाळणारा). डीई (डायटोमेशियस अर्थ नावाच्या पावडरीचा) नावाचा तिसरा प्रकार आहे, तो 3 ते 5 मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) कण धरतो, पाणी काचेसारखं दिसतं, पण दर बॅकवॉशनंतर (उलटं पाणी सोडून फिल्टर धुतल्यावर) त्यात नवी पावडर टाकावी लागते आणि ती बारीक पावडर नाकातोंडात गेलेली फुप्फुसाला चांगली नाही. घरच्या पूलसाठी सोडून द्या. भिंतीवर अडकवायचं पाईपलेस युनिट घेणार असाल तर त्यात बहुतेक वेळा कार्ट्रिज नाहीतर कापडी बॅगच असते, म्हणजे खालचं कार्ट्रिजचं सगळं त्यालाही लागू.

सँड फिल्टर साधारण 20 ते 40 मायक्रॉनचं धरतो, कार्ट्रिज 10 ते 20. कागदावर कार्ट्रिज जिंकला, विक्रेता पण हेच सांगणार. पण सँडची एक गंमत आहे, वाळूत थोडी घाण अडकली की तो अजून बारीक गाळायला लागतो, त्यामुळं रोज उठून बॅकवॉश मारणारा माणूस उलट पाणी गढूळ ठेवतो. फिल्टर स्वच्छ असताना दाबाच्या गेजचा आकडा पेननं फिल्टरच्या टाकीवर लिहून ठेवा, दाब त्याच्यावर 8 ते 10 पीएसआय चढला की बॅकवॉश, तोवर नाही. कार्ट्रिजला पण हाच नियम, फक्त तिथं उघडून धुवायचं.

आता पाणी. माण, खटाव, आटपाडी, जतकडचे लोक पहिल्यांदा हेच म्हणतात की सँड फिल्टर पाणी फुकट घालवतो, इथं प्यायला टँकर आणि तुम्ही गटारात सोडताय. हिशोब करून बघू. 20 बाय 10 फुटाचा, 4 फूट खोल पूल म्हणजे साडेबावीस हजार लिटर. मोटर तासाला 6 हजार लिटर ओढणारी धरली तर तीन मिनिटं बॅकवॉश आणि अर्धा मिनिट रिन्स (वाळू परत बसवायला सोडलेलं पाणी) मिळून साडेतीनशे लिटर जातं. आठवड्याला एकदा म्हटलं तरी महिन्याला चौदाशे. आणि उन्हाळ्यात दिवसाला नुसतं 5 मिलीमीटर पाणी उडून गेलं तरी त्याच पूलमधनं रोज नव्वद-पंच्याण्णव लिटर, महिन्याला अडीच हजाराच्या वर! म्हणजे पाण्याची एवढी काळजी असेल तर आधी पूलवर झाकण घ्या, फिल्टरवर राग नंतर. शिवाय कार्ट्रिज धुवायला पण पाईप वीस मिनिटं चालू ठेवला की दोन-तीनशे लिटर सहज जातात, फरक एवढाच की ते रोजच्या वापरात काही आठवड्यांनी एकदा करायचं असतं. बॅकवॉशचं पाणी टाकीत दोन दिवस उघडं ठेवून झाडांना घालता येतं, विहिरीत किंवा ओढ्यात मात्र सोडू नका.

बोअरचं पाणी वापरत असाल तर अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. पाणी उडतं, क्षार खाली राहतात आणि वरनं तुम्ही परत तेच जड पाणी भरता. सँडमध्ये बॅकवॉशबरोबर थोडे तरी क्षार बाहेर जातात, कार्ट्रिजवाल्या पूलमध्ये कुणी मुद्दाम पाणी बदललं नाही तर ते साठतच जातात आणि घड्यांवर पांढरा थर बसतो. स्वस्त पडते म्हणून ब्लीचिंग पावडर टाकत असाल तर तिच्यातला चुना पण तिथंच जाऊन बसतो.

घाण कसली हे पण बघायला पाहिजे. वाळवा, पलूस, कराड पट्ट्यात गळीत हंगामात कुणी पाचट पेटवलं की काळी राख उडून थेट पाण्यावर, ती जाळीनं वरच्या वर काढा, फिल्टरपर्यंत जाऊच देऊ नका. महाबळेश्वर-पाचगणीकडं जांभ्याची लाल माती, ती एवढी बारीक की नुसता सँड फिल्टर चालवून पाणी पटकन निवळत नाही. तिथं तुरटी टाकून रात्रभर मोटर बंद ठेवायची आणि सकाळी तळाचा गाळ व्हॉल्व वेस्टवर (फिल्टरमधनं न जाता पाणी थेट बाहेर) ठेवून ओढून बाहेर सोडायचा. हे सँडच्या मल्टिपोर्ट व्हॉल्वमुळं (एका दांड्यानं पाण्याची वाट बदलणारा) सोपं जातं, कार्ट्रिजला बहुतेक वेळा वेस्टची सोयच नसते आणि तुरटीचा चिकट गाळ त्यात गेला की घड्या बंद झाल्याच म्हणून समजा. आणि डोक्याला खोबरेल तेल चोपडून पोहणारी पोरं! ते तेल कार्ट्रिजच्या कापडात मुरतं, नुसत्या पाण्यानं निघत नाही, तेल काढणाऱ्या पावडरच्या पाण्यात रात्रभर भिजवावं लागतं. आधी तेल काढा, मग क्षारांसाठी पातळ ॲसिड, उलटं केलं तर तेल अजून घट्ट बसतं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि क्लोरीनच्या डब्याजवळ तर अजिबात नाही, विषारी गॅस होतो. प्रेशर वॉशर पण मारू नका, कापड फाटतं.

माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हे करणार कोण. तुम्ही पुण्यात आणि पूल राखणीच्या मामांच्या भरवशावर असेल तर सँडच घ्या. मोटर बंद, व्हॉल्वचा दांडा बॅकवॉशवर, मोटर चालू, व्हॉल्वच्या काचेत पाणी स्वच्छ दिसलं की परत मोटर बंद, रिन्स, मग फिल्टर. एवढं कुणालाही शिकवता येतं, फक्त मोटर चालू असताना दांडा फिरवायचा नाही हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर आतलं गॅस्केट जातं. वाळू पाच-सात वर्षांनी बदलायची, ती फिल्टरसाठीची चाळलेली सिलिका वाळू, बांधकामाची नदीची वाळू नाही. भरताना आधी टाकी अर्धी पाण्यानं भरा, कोरड्यात गोणी ओतली की तळाच्या चिरा असलेल्या नळ्या (लॅटरल) मोडतात आणि मग वाळू पूलमध्ये यायला लागते.

घर तिथंच, पूल लहान, पाणी नळाचं किंवा गोडं, आणि स्वतः हातानं धुवायची तयारी असेल तर कार्ट्रिज बिनधास्त घ्या, जागा पण कमी लागते. फक्त पहिल्या दिवशीच दोन सेट घ्या, एक भिजत पडला की दुसरा चालू, आणि दोन-तीन वर्षांनी नवीन घ्यायचा खर्च आत्ताच धरून ठेवा.