शेली प्रो ३ईएम: घ्यायच्या आधी मीटर वाचा

घरातली वीज कुठे जाते हे दाखवणारं हे यंत्र उत्तम आहे, पण ते मुळात थ्री फेज जोडणीसाठी आहे, त्यामुळे प्रत्येक घराला लागतंच असं नाही. गफलत होते ती खांबावरून येणाऱ्या तारा मोजून थ्री फेज ठरवल्यामुळे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्यात चार तारा (तीन फेज, एक न्यूट्रल) आत येतात आणि तीन बिऱ्हाडांच्या तीन मीटरांना एकेक फेज वाटून दिलेली असते. वाडा थ्री फेज, तुमचं घर सिंगलच.

मीटरची पाटी वाचा. '१ फेज २ वायर, २४० व्होल्ट' की '३ फेज ४ वायर, ३×२४० व्होल्ट'? मग मेन स्विच बघा: दोन पोलचा की चार पोलचा? जुन्या वायरिंगच्या रंगांवर मात्र विसंबू नका. शंका उरली तर इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावू द्या. दोन वेगळ्या फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट दिसतात. शून्याच्या आसपास आलं, तर एकच फेज दोन तारांत फोडलेली आहे.

सिंगल फेज असेल आणि फक्त एकूण वापर बघायचा असेल, तर त्याच कंपनीचा साधा ईएम पुरतो. एसी, गिझर वेगवेगळे मोजायचे असतील तरच प्रो घ्या आणि सेटिंगमध्ये 'मोनोफेज' निवडा.

यंत्र डीबीतल्या, म्हणजे मेन स्विचच्या पेटीतल्या, डीआयएन पट्टीवर बसतं, पण तारेभोवती बसून प्रवाह मोजणारे त्याचे १२० अँपिअरचे क्लॅम्प चांगलेच जाडजूड. भरलेल्या डीबीत ते कोंबले की तोंड नीट मिटत नाही आणि आकडा कमी येतो. क्लॅम्प फक्त फेजच्या तारेवर हवा. न्यूट्रलही त्यात घेतला तर दोन्ही प्रवाह एकमेकांना खोडतात आणि शून्य दिसतं. व्होल्टेजची जोडणी मेन बंद करूनच, तीही जाणकाराकडून.

सगळ्यात छळणारी चूक म्हणजे एका फेजचा क्लॅम्प दुसऱ्या फेजच्या व्होल्टेजशी जुळवणं. फेजांत १२० अंशांचं अंतर, म्हणून २००० वॉटचा गिझर उणे १००० दाखवतो! क्लॅम्प नुसता उलटा असेल तर उणे २०००. आकडा अर्धा की पूर्ण, यावरून चूक ओळखा. सोलर असेल तर ही तपासणी रात्री करा; दिवसा वीज बाहेर गेली तरी उणे दिसतं.

शेवटी यंत्राचा आकडा मीटरशी ताडून बघायला बाकी सगळं बंद ठेवून हाच गिझर एक मिनिट चालवा. मीटरवर एका युनिटला ३२०० इम्पल्स (लुकलुक) लिहिलं असेल, तर लाल दिवा सुमारे १०७ वेळा लुकलुकायला हवा.

लोखंडी डीबीत वायफाय अडखळतं. प्रोला लॅनचं (नेटवर्क केबलचं) तोंड आहे, ते वापरा.