अटारीचा बीटिंग रिट्रीट: शो पाच स्टार, टॅक्सी दोन, आणि बंद गेटचे वेगळे मार्क

डिसेंबरात अमृतसरला जाऊन आलो, मी, नवरा, लेक (नववीत) आणि सासूबाई. सुवर्ण मंदिर, जालियनवाला, कुलचे यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, त्यामुळे मी फक्त अटारीचं लिहिते, म्हणजे भारत-पाकिस्तान सीमेवरच्या गेटपाशी रोज संध्याकाळी दोन्ही देशांचे जवान परेड करून झेंडे उतरवतात त्या बीटिंग रिट्रीटचं. जायच्या आधी जेवढे रिव्ह्यू वाचले त्या सगळ्यांत "अंगावर काटा आला" एवढंच होतं. काटा मलाही आला, खोटं कशाला बोलू, पण परत येताना डोक्यात एक किडा वळवळायला लागला तो अजून गेलेला नाहीये, म्हणून हे लांबलचक.

आधी टॅक्सीचं रडगाणं उरकते. हॉटेलच्या गल्लीतल्या एका एजंटने शेअर टॅक्सी लावून दिली आणि वर माणशी तीनशे जास्त घेतले, कशाचे तर "व्हीआयपी सीट"चे. तिथे गेल्यावर कळलं की प्रवेश फुकट असतो आणि २०२३ पासून बीएसएफच्या (सीमा सुरक्षा दलाच्या) साईटवर घरबसल्या आधी नोंदणी करता येते, म्हणजे आम्ही बाराशे रुपये भोळेपणाचे भरले. फोन केला तर साहेब उचलेनात. एजंटला दोन स्टार, तेही फक्त ड्रायव्हरमुळे, ड्रायव्हर एक नंबर माणूस होता, त्याचं पुढे येतंच.

अमृतसरपासून तीसेक किलोमीटर आहे, पण हिवाळ्यात कार्यक्रम साडेचारच्या आसपास सुरू होतो त्यामुळे अडीचला तिथे पोचायलाच हवं. बॅग आत नेऊ देत नाहीत, अगदी छोटी पर्ससुद्धा, लॉकरवाले बाहेर बसलेलेच असतात. मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवून ठेवा. आणि एक गोष्ट कोणीच सांगितली नव्हती, गेट पश्चिमेला आहे, म्हणजे संध्याकाळचं ऊन पाकिस्तानच्या बाजूने थेट डोळ्यांत येतं, टोपी न्याच. नाहीतर गालावर तिरंगा काढणाऱ्या पोरांकडून टोपी घ्यावी लागते, ती भिजली की रंग सोडते (लेकीचं कपाळ दोन दिवस हिरवं होतं).

आता शो. मोठ्ठं स्टेडियम बांधलंय, पंचवीसेक हजार माणसं मावतात म्हणे. पांढऱ्या कपड्यातला एक बीएसएफचा जवान माईक न घेता नुसत्या हातवाऱ्यांवर सगळी गॅलरी नाचवतो, गणपती मिरवणुकीतल्या ताशेवाल्याचा अंदाज आहे त्याला, कधी चढवायचं कधी थांबवायचं बरोब्बर माहीत. मग बायकांना खाली रस्त्यावर बोलावतात, हातात झेंडा घेऊन गेटपर्यंत पळत जायचं आणि परत यायचं. आमच्या सासूबाई, वय अडुसष्ट, गुडघ्याला पट्टा, सकाळी हॉटेलच्या दोन पायऱ्यांवरून माझ्याशी वाद घातलेला, त्या उठल्या, पदर खोचला आणि पळाल्या. मी मागून "आई, सावकाश" ओरडतेय आणि बाई झेंडा घेऊन निघाल्या पाकिस्तानच्या दिशेने. नंतर डीजेवर गाणी लागली, नाचल्या पण.

मग परेड. आधी दोन महिला जवान ताडताड चालत गेटपर्यंत जातात, मग ते उंच, लाल पंख्यासारखा तुरा असलेले जवान एकेक करून, आणि ती लाथ, बूट डोक्याच्या वर जातो आणि खाली आपटतो तो आवाज पोटात जाणवतो. त्याआधी माईकवर श्वास लांबवायची चढाओढ, एकाने सूर धरायचा, पलीकडचा पाकिस्तानी रेंजर्सवालाही धरतो, ज्याचा आधी तुटेल तो हरला. लेक म्हणाली हे तर आमच्या शाळेतल्या कबड्डीसारखं आहे. तेवढ्यापुरते पाच पैकी पाच.

गंमत पुढे आहे. सगळे टाळ्या पिटत होते आणि सासूबाई एकदम गप्प. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "अगं, गेट उघडलंच नाही." त्या २०१३ मध्ये भिशीच्या ग्रुपबरोबर येऊन गेल्या होत्या. तेव्हा म्हणे दोन्हीकडची लोखंडी गेटं धाडकन उघडायची, दोन्ही झेंडे तिरक्या दोरीवरून एकाच वेळी, एकही इंच पुढेमागे न होता खाली यायचे आणि शेवटी दोघं जवान हात मिळवायचे. "अर्धा सेकंद, विस्तवाला हात लावल्यासारखा, पण मिळवायचे हो." आता पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, म्हणजे एप्रिल २०२५ पासून, गेट बंद आणि हस्तांदोलन नाही. मधले काही दिवस लोकांना प्रवेशच नव्हता, मे महिन्यात परत सुरू झालं ते बंद गेटासमोरच. तेव्हा आमच्यासमोर आपले जवान आपल्या बाजूला लाथा मारत होते, त्यांचे त्यांच्या बाजूला, मध्ये लोखंड.

इथेच तो किडा वळवळला. एवढा आवाज, एवढ्या लाथा, मिशा, डोळे वटारणं, हे सगळं १९५९ पासून रोज संध्याकाळी चालू आहे. रोज होणाऱ्या गोष्टीला समोरचा घाबरेल कशाला? शेजारचा माणूस रोज संध्याकाळी गच्चीवर येऊन दंड थोपटतो म्हटल्यावर आपण काय करतो, चहा घेतो. शिवाय हे दोघांनी मिळून बसवलेलं आहे, टायमिंग ठरलेलं, दोरी ओढायचा वेग ठरलेला, २०१० मध्ये तर दोन्हीकडून जरा आक्रमकपणा कमी करू असंही ठरलं होतं. भांडणाचं नाटक करायला आधी दोघांचं पटावं लागतं! म्हणजे लाथेतून पलीकडे काहीच निरोप जात नाही, लाथ गॅलरीसाठी आहे, माझ्यासाठी आणि सासूबाईंसाठी. निरोप जातो तो त्या न मिळवलेल्या हातातून. दिवाळी-ईदला मिठाई दिली की नाही, गेट उघडलं की नाही, यातून. आणि ते गॅलरीतल्या नव्वद टक्के लोकांना कळतच नाही, कारण ज्यांनी आधी पाहिलेलं नाही त्यांना काय गेलं ते कसं कळणार.

तिथे जे दोन अवाढव्य झेंडे दिसतात त्याचीही कथा ऐका. मार्च २०१७ मध्ये आपण ३६० फुटांचा खांब लावला, तर ऑगस्टमध्ये त्यांनी ४०० फुटांचा. आपला झेंडा वाऱ्याने सारखा फाटायचा, मग बदलायचा, मग परत फाटायचा. शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये ४१८ फुटांचा लावला, उद्घाटन आपल्या नागपूरच्या गडकरींनी केलं. दिसतो भारी, फोटो छान येतो. पण या अठरा फुटांनी शेजाऱ्याचं कुठलं धोरण बदललं असेल असं मला तरी वाटत नाही, आपल्याकडे दोन मंडळांची मूर्तीच्या उंचीवरून जुंपते तेव्हा गणपतीला काय फरक पडतो?

नवरा म्हणाला तू उगाच जास्त विचार करतेस, दाखवावी लागते ताकद. बरं, दाखवावी लागते. पण मग १ मार्च २०१९ आठवून बघा. पाकिस्तानने पकडलेले आपले वैमानिक अभिनंदन वर्धमान याच गेटमधून परत आले, रात्री नऊनंतर. त्या दिवशी आपल्या बाजूचा बीटिंग रिट्रीट चक्क रद्द केला होता. चुकून पलीकडे गेलेला बीएसएफचा जवान तीन आठवड्यांनी, मे २०२५ मध्ये, इथूनच परत आला, सकाळी, गाजावाजा न करता. त्याच महिन्यात अफगाणिस्तानचे अडकलेले सुकामेव्याचे १६० ट्रक आपण खास परवानगीने आत घेतले, नोव्हेंबरात गुरू नानक जयंतीला दोन हजारांवर शीख भाविक इथूनच पलीकडे गेले. गेट उघडतं की, फक्त आपण टाळ्या वाजवायला तिथे नसतो तेव्हा उघडतं. खरं काम असलं की शोचं शटर खाली!

परतीच्या वाटेवर ड्रायव्हर बोलायला लागला. अटारीजवळच्याच गावचा, थोडी जमीन "तारों पार", म्हणजे कुंपण आणि प्रत्यक्ष सीमा यांच्या मधल्या पट्ट्यात. तिथे जायचं तर बीएसएफच्या गेटवर ओळखपत्र दाखवून, ठरलेल्या वेळेत आत आणि ठरलेल्या वेळेत बाहेर. सासूबाईंनी विचारलं की बाबा, मग तुम्ही रोज बघत असाल हा कार्यक्रम, तर हसला, म्हणाला लहानपणी एकदा पाहिला. त्याच्या डोक्यात बसलेला कार्यक्रम वेगळाच, २००१-०२ चा. संसदेवर हल्ला झाला आणि आपण अख्खं सैन्य सीमेवर आणून उभं केलं, ऑपरेशन पराक्रम, साधारण दहा महिने. त्याच्या वडलांच्या गव्हात सुरुंग पेरले होते. पीक गेलं, एक म्हैस गेली, सुरुंग काढून झाल्यावरसुद्धा वडील पहिली नांगरट करायला जाईनात. युद्ध झालं नाही. जानेवारीत पाकिस्तानच्या मुशर्रफनी टीव्हीवर भाषण केलं, काही संघटनांवर बंदी आणली, मे महिन्यात जम्मूजवळ कालूचकला परत दहशतवादी हल्ला झाला, आणि ऑक्टोबरात सैन्य मागे. मी विचारलं, मग उपयोग झाला का? तो म्हणाला, ते दिल्लीवाल्यांना विचारा, आमच्या गव्हाला नाही झाला. त्या मानाने बीटिंग रिट्रीट खूपच स्वस्त, हेही मान्य करते, निदान गहू तरी जागेवर राहतो.

रात्री बाबांना फोन लावला तर त्यांनी १९७१ चं युद्ध काढलं, ते काढणारच होते. तेव्हा ते दादरला, खिडक्यांना काळे कागद, ब्लॅकआऊट, आणि बातमी की अमेरिकेने एंटरप्राईझ ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका आपल्याला धाक घालायला बंगालच्या उपसागराकडे धाडली. निक्सनने १० डिसेंबरला हलवली, ती उपसागरात शिरेपर्यंत १५ उजाडला आणि १६ ला ढाका पडलं. एवढं मोठं जहाज नुसतं येऊन गेलं, युद्ध काही थांबलं नाही. "पण आम्ही विसरलो नाही ना," बाबा म्हणाले. तोच मुद्दा. ज्यांना घाबरवायचं ते घाबरले नाहीत, पण पन्नास वर्षांनीसुद्धा दादरचा एक रिटायर्ड क्लार्क जहाजाचं नाव घेऊन चिडतो. मारायचा इरादा नसताना उगारलेला हात समोरच्याला बरोबर कळतो, आणि लक्षात राहतो तो अपमान.

असो. जावं का? जावंच, लहान मुलं असतील तर नक्की. जवानांची शिस्त बघण्यासारखी आहे, स्वच्छतागृहं अपेक्षेपेक्षा स्वच्छ होती, पाणी मिळतं, पॉपकॉर्न शिळे. सुटल्यावर पार्किंगमध्ये तासभर चेंगराचेंगरी, म्हाताऱ्या माणसांना घेऊन शेवटचे निघा. शोला पाच, व्यवस्थेला चार, एजंटला दोन. धाक दाखवणं म्हणून मोजलं तर दीड, त्यातला एक त्या बंद गेटचा.

आणि हातात एक दिवस जास्त असेल तर फिरोजपूरजवळ हुसैनीवालाला जा, तिथेही असाच रिट्रीट होतो पण छोटा, दोन्हीकडची माणसं एकमेकांची तोंडं ओळखू येतील इतकी जवळ बसतात म्हणे. आम्ही दुपारी गेलो त्यामुळे तो हुकला, आम्ही गेलो होतो समाधीसाठी. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांच्यावर तिथे सतलजच्या काठी अंत्यसंस्कार झाले. ती जागा फाळणीत पाकिस्तानात गेली होती, १९६१ मध्ये सुलेमानकीजवळची १२ गावं देऊन परत घेतली. बारा गावं! सासूबाईंनी चपला काढल्या, राजगुरूंच्या नावासमोर उभ्या राहिल्या आणि पिशवीतून मंचरहून आणलेली राजगिऱ्याची वडी काढून ठेवली. तिथल्या गार्डने वडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, काही बोलला नाही. तिकीट नाही, पार्किंग रिकामं, टोपीवाले पण नाहीत.